हजार शब्द, दसऱ्यापर्यंत

५ मे १८८६, बुधवार.
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. पुढेमागे माझे चरित्र लिहिणाऱ्याला लागली तर तेवढ्यापुरती.

संकल्प : रोज पहाटे उठून दहा इंग्रजी शब्द. विषय, स्वयंपाकघर. कारण असे की कचेरीत नवे साहेब आले आहेत, सोबत मडम आहे, आणि मडमेला ठाण्याच्या बाजारात काही मागता येत नाही. काल साहेबांनी सहज विचारले, धण्यांना इंग्रजीत काय म्हणतात? आम्ही सात कारकून इंग्रजी शिकलेले. सातही जण खाली पाहू लागले. मी तिथल्या तिथे ठरवले. 'पाकशाळा-शब्दसंग्रह', एक हजार शब्द. दसऱ्याला सरस्वतीपुढे ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हाती द्यायचा. मग हेडक्लार्कची जागा जाते कुठे?

६ मे.
उठायला उशीर झाला. उकाडा फार. शब्द दोन : सॉल्ट, शुगर. दोन्ही आधीच येत होते, पण उजळणी झाली.

७ मे.
एक अडचण ध्यानात आली. आपल्या फडताळात काय काय असते हे मला ठाऊक नाही. कुटुंब सोवळ्यात असते, त्यामुळे आत जाता येत नाही. जाण्याचे कारणही अकरा वर्षांत पडले नाही. म्हणून टाक, दौत आणि कचेरीतला जाडा कोश घेऊन उंबरठ्याबाहेर पाट मांडला. आतून ती एकेक जिन्नस सांगत गेली. हळद, धणे, जिरे, मेथ्या, मोहरी, हिंग, चिंच. मी टर्मरिक, कोरिअँडर, क्यूमिन असे लिहीत गेलो. तासाभरात एकतीस! माझी गती पाहून मीच थक्क झालो. ती म्हणाली, ओवा राहिला, बाळंतशोपा राहिल्या, तिरफळं राहिली. मी म्हणालो, घाई करू नको, अभ्यासाला शिस्त लागते.

फोडणीला साहेब लोकांत शब्दच नाही. एवढे राज्य कमावले आणि घरात फोडणी नाही! कीव आली.

१६ मे, रविवार.
आंबिवलीहून मेहुण्याने तीन फणस पाठवले. जॅकफ्रूट. गरे मी खाल्ले, उरलेले राघोपंत आणि भाऊ या कचेरीतल्या दोघा मित्रांनी खाल्ले. ही परसात बसून आठळ्या धूत होती. मध्येच विचारते कशी, आठळीला काय म्हणायचं, ते इकडच्या पुस्तकात आहे का? मला हसू आवरेना. म्हटले, अगं, साहेबाच्या मेजावर जे जाते त्याचा हा ग्रंथ आहे, टाकाऊ बियांचा नव्हे. तर म्हणते, भाजल्या की गोड लागतात. मी विषय संपवला. बायकांना ग्रंथाची मर्यादा कळत नाही.

२३ मे, रविवार.
नवी युक्ती. नुसती यादी पाठ होत नाही, जिन्नस जिभेवर यावा लागतो. म्हणून दर रविवारी परीक्षा-भोजन. नियम एकच : जे हवे ते इंग्रजीत मागायचे, नाहीतर वाढायचे नाही. भाऊने सात वेळा राइस मागितला आणि सातही वेळा उत्तीर्ण झाला. राघोपंत हिंगाच्या ॲसाफेटिडावर अडखळले, तरी पापड मिळाला म्हणून खूश.

पातेली इतकी स्वच्छ झाली की घासायचे कामच उरले नाही. मी हिला मुद्दाम हाक मारून सांगितले, शिताचा दाणा उरला नाही, तुझ्या हाताची याहून मोठी तारीफ कोणती? ती हसली. मग रिवाजाप्रमाणे माझ्या पानावर बसली असावी. माझी वामकुक्षीची वेळ झाली होती.

६ जून, रविवार.
शब्द १४०. आज पाहुणे पाच. कीर्ती टेंभी नाक्यापलीकडे गेली आहे.

ही म्हणाली, असंच चाललं तर तांदूळ महिनाअखेर पुरायचे नाहीत. मी म्हणालो, भागव. तिने भागवले. माझ्या पानात तर काही कमी पडले नाही. भागवणे ही बायकांना ईश्वराने दिलेली विद्या आहे. इंग्रजीत तिला शब्द सापडला नाही.

११ जुलै, रविवार.
पहाटे उठण्याचा संकल्प पावसाळ्यापुरता तहकूब. शब्द २८८. त्यांतले बरेचसे हिनेच सांगितलेले आहेत, पण सांगणे वेगळे आणि संग्रह करणे वेगळे. आता तर मी विचारण्याआधीच ती रात्रीतून आठवलेले शब्द सकाळी घाईघाईने सांगते. दसऱ्याला किती दिवस राहिले तेही तीच मोजते. मला हसू येते. हिला काय हेडक्लार्क व्हायचे आहे?

२ ऑगस्ट, श्रावणी सोमवार.
सोमवार सगळेच धरतात. हिने मंगळवार, गुरुवार आणि शनिवारही धरले आहेत. मी म्हटले, एवढे कशाला? म्हणाली, बरं वाटतं. मोठी धर्मनिष्ठ बायको लाभली. शिवाय फराळाच्या जिनसांचे चोवीस शब्द झाले. जिन्नस मी पाहिले, चाखले आणि लिहिले.

१७ ऑगस्ट.
कासाराची खरडपट्टी काढली पाहिजे. हिच्या हातात इतकी सैल काकणे भरली आहेत की पाणी ओढताना ती कोपरापर्यंत जातात आणि हात खाली केला की खळ्ळकन मनगटावर येतात. लिहिताना माझे लक्ष विचलित होते. तिला म्हटले, मापाची का घेत नाहीस? ती म्हणाली, मापाचीच होती.

शेजारच्या रंगूबाई परसातून मला काही सांगायला आल्या होत्या. एकटी विधवा बाई, सगळ्यांच्या संसारात लक्ष. मी कामात आहे असे कळवले.

३० ऑगस्ट.
शब्द ६१२. दसऱ्यापर्यंत धीर धरवेना, म्हणून शुद्ध प्रत घेऊन बंगल्यावर गेलो. मडमेने पुस्तक चाळले आणि अक्षर सुंदर आहे म्हणाली. तिचा बटलर गोव्याचा, वीस वर्षे साहेब लोकांत काढलेला. त्याला सगळे शब्द येत होते. माझे चार चुकलेले त्याने दाखवले. मडमेने पुस्तक परत दिले आणि निरशे दूध कुठे मिळते ते विचारले. मी सांगितले.

एकंदरीत भेट उत्तम झाली. दुधाच्या निमित्ताने पाया घातला गेला.

घरी आलो तर ही दारातच उभी. काय झालं? मी म्हटले, फार आवडले, पण हजार पुरे करा म्हणाल्या. तिचे तोंड इतके फुलले की मलाही ते खरेच वाटू लागले.

२ सप्टेंबर, गणेशचतुर्थी.
नैवेद्याचे एकवीस आणि पाहुण्यांचे वेगळे. भाऊने एकट्याने चौदा मोदक उडवले. ही मोदक वळता वळता दोनदा भिंतीला टेकली. धूर फार होतो. संकल्प : पुढच्या महिन्यात सुकी लाकडे आणायची.

६ सप्टेंबर.
हिला ताप. अकरा वर्षांत पहिल्यांदा चूल पेटली नाही. ती माजघरात पडून मला सांगू लागली, मूठभर तांदूळ घ्यायचे, पाणी जास्त ठेवायचे. आत जाऊन पाहतो तर तांदळाचा डबा तळाला गेलेला. मला एका शब्दाने बोलली नाही! बोलली असती तर व्यवस्था केली नसती का? पेज करपली. शेवटी रंगूबाईंनी घरून आणली. त्यांनी ती हिला पाजली आणि माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

९ सप्टेंबर.
ताप उतरत नाही. वैद्याचा काढा चालू. काढ्यात सुंठ, मिरे, गुळवेल. सुंठेचा शब्द माझ्याकडे आहे. ती गुंगीत असते. मध्येच डोळे उघडून म्हणते, किती झाले? मी म्हणतो, सहाशे बारा. म्हणते, राहिले की अजून.

११ सप्टेंबर, शनिवार.
हे सविस्तर लिहिले पाहिजे.

साहेबांनी चिठ्ठी दिली म्हणून गोरा डॉक्टर घरी आला. भाषांतराला मीच. मनात म्हटले, एवढी विद्या केली ती आज कामी आली. डॉक्टरने नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली. मग मला विचारले, व्हॉट डज शी ईट?

इतका सोपा प्रश्न! सहाशे बारा शब्द माझ्या जिभेवर. मी ताठ उभा राहून म्हणालो, एव्हरीथिंग, सर.

डॉक्टरने तिचा हात उचलला. काकणे घसरत दंडापर्यंत गेली. मग त्याने हळू विचारले, परवा काय खाल्ले? गेल्या आठवड्यात? ताप येण्याआधी?

मी राइस म्हणालो. मग थांबलो. डाळ म्हणणार होतो, तोही शब्द येत होता. पण खोटे बोलत आहे असे मला वाटले. मी तिला जेवताना कधी पाहिलेले नाही. लग्नात घास भरवला तेवढाच. त्यानंतर मी जेवून उठतो आणि ती मागाहून बसते. ती रीत आहे, सगळ्यांच्या घरी आहे. पण ती काय जेवते हे मी कधी पाहिले नाही, विचारलेही नाही, आणि पातेली तर मी स्वतः रिकामी करवीत होतो.

डॉक्टर म्हणाला, तापाचे औषध मी देतो, पण औषधाला धरायला अंगात काही उरलेले नाही. दूध द्या. दूध कुठे मिळते ते मला ठाऊक होते. धावत गेलो.

१२ सप्टेंबर.
तीन चमचे दूध गेले. उद्या चार द्यायचे.

१४ सप्टेंबर.
सकाळी नऊला ही गेली.

काल संध्याकाळी विचारत होती, इकडचं जेवण झालं का. झाले होते.

२३ सप्टेंबर, दहावा दिवस.
खाडीवर पिंड. भटजींनी 'कलावती' म्हणून नाव उच्चारले. ते मीच लग्नात तांदळात लिहिले होते, आणि पुन्हा कधी हाक मारली नव्हती.

कावळा शिवेना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, मनात वचन द्या. मी म्हटले, हजार शब्द पुरे करीन. कावळा खांबावर बसून राहिला. म्हटले, पुस्तकावर तुझे नाव घालीन. तो मानसुद्धा वळवीना. भटजींनी विचारले, बाईंच्या आवडीचा पदार्थ कोणता? तो ठेवून पाहू. मी जिलबी आणवली, मग श्रीखंड. ठेवताना कळले की ही माझी आवड.

दोन तास वाट पाहिली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. राघोपंत म्हणाले, पितृपक्ष आहे, घरोघर पिंड, कावळ्यांची पोटे भरलेली असतात. बरोबर आहे. तसेच असणार. मीही वाटेत सगळ्यांना तेच सांगत आलो.

७ ऑक्टोबर, दसरा.
यंदा सण नाही. पुस्तक सरस्वतीपुढे ठेवले नाही.

दुपारी रंगूबाई भाकरी घेऊन आल्या. मी कावळ्याचे सांगितले, पितृपक्षाचेही सांगितले. त्यांनी भाकरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, आठळ्या रे मेल्या. आठळ्या ठेवायच्या होत्यास.

मग त्यांनी सगळे सांगितले. तू घोरायला लागलास की ती परसात यायची. चुलीतल्या निखाऱ्यात भाजलेल्या चार-पाच आठळ्या, वर मिठाचा खडा. सबंध पावसाळा तेच तिचं जेवण. मी म्हणायची, अगं, दोन मुठी भात वेगळा काढून ठेव. तर म्हणायची, पाहुण्यांत कमी पडलं तर इकडची मान खाली जाईल. पुस्तक होऊ दे. दसऱ्यानंतर जेवायचंच आहे की.

रंगूबाई गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. आता सोवळे कोणाचे? फडताळाखाली एक मडके सापडले, कोरड्या मातीने भरलेले. मातीत हात घातला. आठळ्या. नऊ उरल्या होत्या. तिने पुरवून पुरवून खाल्ल्या असणार.

मला ती पाहिजे. पुस्तक नको, जागा नको. समोर बसवून तिला जेवताना पाहायचे आहे.

पुस्तक उघडून लिहिले : ६१३. आठळी. इंग्रजीची जागा कोरी ठेवली आहे. कोश पाहिला नाही.

चूल पेटवायला फार वेळ लागला. निखाऱ्यात एक आठळी टाकली. ती बंदुकीसारखी फुटली आणि उडून माझ्या धोतरावर पडली. भाजण्याआधी टोचावी लागते की काय, कोणाला विचारू? दुसरी भीतीने लवकर काढली. आत कच्ची होती, तुरट लागली. मीठ सापडले नाही.

खाल्ली.