कान तुटलेला गणपती

सरू,

मी रोह्याला जातेय. तुझ्या नर्सिंगच्या फीचे पैसे मी वर्षभर आपल्या मूर्तींच्या कारखान्यातल्या त्या कान तुटलेल्या गणपतीच्या पोकळीत साठवत होते. दर महिन्याला भर घातली की पाटाखाली पिवळ्या रंगाचा एक ठिपका लावायचे. परवाच बारा पुरे झाले. आणि काल बाबांनी कान जोडून मूर्ती रोह्याच्या दुकानाला पाठवली! त्यांना यातलं काही ठाऊक नाय. सांगू नको गो, मागच्या वर्षीचे पैसे त्यांच्या हाती लागले नि कुठे गेले ते तू बघितलंस.

मूर्ती विकली गेली असेल तर? उद्या कुणाच्या घरी प्राणप्रतिष्ठा झाली की ती विसर्जनापर्यंत हलवता यायची नाय.

भात झाकलाय, बाबांना वाढ. मावशीकडे गेलीय म्हण. देव मूर्तीत यायच्या आधी मला पोचायला हवं.

आई