सात नंबरचा दरवाजा

तीर्थरूप बाबा,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आईचा गुडघा अजून कुरकुरतो का?

कालव्यांचा खटला आम्ही केंद्रवाले हरलो. पाणी राज्याचा विषय आहे, केंद्राला त्यात हात घालता येणार नाही, असं न्यायालयाने ठणकावलं. राज्याच्या कालव्यावर जन्म काढलेले तुम्ही खूश असाल.

एक सांगायचं राहिलंय. राज्याच्या हलगर्जीपणाचा दाखला आमच्या वकिलांना हवा होता. डुलकी लागून कालव्याचा सात नंबरचा दरवाजा उशिरा उघडल्याचं तुम्ही मला विश्वासाने लिहिलं होतंत. ते पत्र मीच दिलं.

न्यायाधीश म्हणाले, "एका माणसाच्या डुलकीपायी अख्ख्या राज्याचा हक्क जात नाही."

बाबा, त्या परक्या माणसाने तुम्हाला सांभाळून घेतलं. मी नाही.

उत्तर लिहाल ना?

तुमचा,
धाकटा