धुणं आलंच नाही

५ जानेवारी, रविवार

विक्रांत गेला. लीग सुरू व्हायला आठवडा असताना! गुरगावच्या टीमने त्याला पाठीवर नाव छापलेली जर्सी दिली, वर एक कोच. फोनवर म्हणाला, "यार सुखदा, पर्सनली घेऊ नकोस." मी पर्सनलीच घेतलं.

दिल्लीत मुनिरकाच्या गेम कॅफेत इतके दिवस आम्ही दोघं जोडीने रूनगार्ड हा पत्त्यांचा खेळ खेळत आलो. आणि यंदा कुठे या पत्त्यांची खरीखुरी प्रोफेशनल लीग होतेय — दिल्ली, नोएडा, गुरगाव, पानिपत. जिंकणारे दोघंही बेंगळुरूला नॅशनलला जाणार. मला जायचंच आहे. ऑफिसात सुट्टीसुद्धा टाकून ठेवलीय.

परवापर्यंत नवा जोडीदार हवा. सिद्धांतला विचारलं. म्हणाला, "मी सरकारी नोकर आहे." जसं काही मी त्याला दरोड्यालाच नेत होते. नवऱ्याचा काही उपयोग नाही.

७ जानेवारी

कॅफेतल्या सगळ्यांना फोन करून झाले. कुणीच मोकळं नाही. शेवटचा फोन ठेवला तेव्हा सासूबाई समोर मटार सोलत होत्या. आर. के. पुरमच्या या क्वार्टरमध्ये लग्न होऊन आल्यापासून आमचं बोलणं दूध, गीझर आणि सिद्धांतचा खोकला यांच्यापुढे गेलेलं नाही. आज त्यांनी विचारलं,

"पत्तेच ना?"

"पत्तेच आई, पण रमी नाही. ड्रॅगन वगैरे असतात."

"मंत्रालयात डबा खाऊन झाला की आम्ही रोज रमी खेळायचो. आमचे डायरेक्टरच ड्रॅगन होते. दाखव बघू."

संध्याकाळी त्यांचं नाव देऊन टाकलं — प्रमोदिनी रामटेके, निवृत्त सेक्शन ऑफिसर. विक्रांतवरच्या रागात दिलं, हे इथेच लिहून ठेवते.

१० जानेवारी

आईंना पत्त्यांची इंग्रजी नावं मंजूर नाहीत. ड्रॅगनला पाल म्हणतात. चिलखतवाला योद्धा म्हणजे वॉचमन. जखमा बऱ्या करणारी ती नर्सबाई. आणि 'ग्रेट फ्लड' — जो टाकला की टेबलावरचं दोन्ही बाजूंचं सगळं वाहून जातं — त्याला धुणं. "सगळं धुऊन निघतं ना? मग धुणं."

नियमांचं पुस्तक मागून घेतलं. पूर्ण वाचलं. मी आजवर वाचलेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

पहिला सामना, नोएडाशी. जोडीदाराचे पत्ते बघता येत नाहीत, पण बोलायला मोकळीक असते. बाकीचे एकमेकांच्या कानाला लागतात. आईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "सुखदा, तुझ्याकडे पाल आहे का?"

"आहे. पण वॉचमन नाही."

"मग थांब. माझा वॉचमन उभा करते, मग तुझी पाल सोड."

नोएडाची दोन पोरं एकदा माझ्याकडे, एकदा आईंकडे बघत होती. शेवटी एकाने रेफ्रीला बोलावलं. "सर, आंटी क्या बोल रही हैं?" रेफ्री म्हणाला, भाषा कोणतीही चालेल. आई हिंदीत म्हणाल्या, "बेटा, नियम ग्यारह."

जिंकलो.

१९ जानेवारी

पुन्हा जिंकलो. शेजारणींना आई सांगतात, मीटिंग असते.

२ फेब्रुवारी, रविवार

पानिपतची जोडी. त्यातला एकजण आमचं मराठी ऐकून उठून आईंच्या पाया पडला. "हम भी मराठा हैं जी. पुरखे लड़ाई के बाद यहीं रह गए." भाषा मात्र एक अक्षर येत नव्हती. आईंना भरून आलं. त्याला डब्यातला चिवडा दिला, आईवडिलांची चौकशी केली, आणि मग सातव्या टर्नला दोघांचं पानिपत केलं.

जाताना म्हणाल्या, "गुणी मुलगा आहे. पत्ते फार घट्ट धरतो."

९ फेब्रुवारी

हरलो. नर्सबाई वेळेवर आली नाही. आई मेट्रोत म्हणाल्या, नर्स कधीच येत नाही वेळेवर.

२३ फेब्रुवारी, रविवार

हरूनही फायनलला पोचलो. समोर गुरगाव. म्हणजे विक्रांत. म्हणजे बोरिवलीत वाढलेला, घरी मराठीच बोलणारा विक्रांत. शिवाय आमचे सगळे सामने लीगच्या चॅनेलवर आहेत. त्याने मेसेज केला — "काकूंची पाल कशी आहे?" आमचा अख्खा शब्दकोश त्याला पाठ आहे.

मी आईंना म्हटलं, आपण उलटं बोलू. असलं की नाही म्हणायचं.

"तुला जमायचं नाही. तू खोटं बोललीस की नाक लाल होतं. काही उलटं नको, नेहमीसारखंच बोलू."

मग हरणारच की आपण. हे बोलले नाही. इथे लिहिते.

२ मार्च, रविवार

गुरगावच्या मॉलमध्ये फायनल. दिवे, कॅमेरे, खुर्च्या भरलेल्या. विक्रांत जर्सीत. "नमस्कार काकू."

"बस बाळा. जेवलास?"

शेवटी शेवटी पाणी अगदी गळ्यापर्यंत आलं होतं. एक हल्ला आणि खेळ खलास. माझ्या हातात नुसते फुटकळ पत्ते. विक्रांतच्या हातात मोठे पत्ते आहेत हे दिसत होतं, पण तो ते खाली टाकत नव्हता. त्याला भीती एकाच पत्त्याची. मी विचारलं, "आई, धुणं?"

त्यांनी पत्ते चाळले. चष्मा वर केला. उसासा टाकला. "नाही गं. आलंच नाही."

बेंगळुरू गेलं. रडू यायला लागलं, तोंड फिरवलं. विक्रांत आईंकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने शांतपणे हातातलं सगळं मांडलं. दोन वॉचमन, पाल, सगळं. पुढच्या टर्नला आम्हाला संपवायला.

आईंची पाळी आली. त्यांनी एक पत्ता ठेवला आणि चादरीची सुरकुती काढावी तसा हात फिरवला. ग्रेट फ्लड.

टेबल रिकामं. विक्रांतचा हातही रिकामा, त्याच्या जोडीदाराकडेही काही उरलं नव्हतं. त्यानंतर मी जिंकायचं तेवढं बाकी होतं. जिंकले. घाईत पत्ता आधी उलटा ठेवला.

मेट्रोत विचारलं, "कधी आलं होतं?"

"तिसऱ्या टर्नला."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"तुला खरं सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं. तुझा चेहरा म्हणजे नोटीस बोर्ड आहे, सुखदा."

"ही चीटिंग आहे."

"जोडीदाराशी खरंच बोलावं असं नियमांत कुठेही नाही. मी वाचलेत."

मग दोघी इतक्या हसलो की समोरच्या बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं.

३ मार्च

थोडा राग आहे. माझं ते रडू खरं होतं! पण रागावून आईंकडे गेले की हसूच येतं.

सिद्धांतला सगळं सांगितलं. तो आईंकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे मी लहान असताना तू बिस्किटं संपली म्हणायचीस, तेव्हा —"

आई दुधी चिरत होत्या. वर बघितलं नाही.

२१ मार्च

बेंगळुरूचा ड्रॉ आला. नॅशनलला जोड्या नसतात, सगळे एकेरी खेळतात. माझा पहिलाच सामना, समोर — प्रमोदिनी रामटेके, दिल्ली.

आईंनी तो माझ्याआधी पाहिलाय. सकाळपासून माझ्याशी फार गोड बोलताहेत.