मुरमानं प्यायलेली घागर

नाना, आज सकाळी गंधवानी गावाबाहेर, नव्या वसाहतीसाठी आखलेल्या माळाची पाहणी करताना तुमच्या या लेकीनं एक घागर पाणी ओतलं. सोबतचे तरुण इंजिनिअर हसले. त्यांना मी देवासच्या त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगू लागले, आणि मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत राहिले.

त्या वर्षी देवासला पाणी रेल्वेनं येत होतं. आई टँकरच्या रांगेत उभी राहून घागर भरून आणायची आणि ओलं फडकं गुंडाळून स्वयंपाकघरात जपायची. तुम्ही नगररचना कार्यालयात. टेकडीपलीकडच्या मैदानावर कॉलनी झाली तर खालच्या वस्तीचं, तिच्या विहिरींचं काय होईल, हा अहवाल तुमच्याकडे. एका सकाळी तुम्ही ती घागरच उचललीत. आई म्हणाली, "मग आज स्वयंपाक कशात करू, तेवढं सांगून जा." तरी तुम्ही घागर सोडली नाहीत. कॉलेजच्या सुट्टीत आलेली मी ती मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसले.

मैदानावर तुमचे साहेब उभे आहेत, वस्तीतल्या बायका उभ्या आहेत. पाणी उतारानं नाल्याकडे जातं, तेव्हा नाल्याची पट्टी तेवढी सोडा आणि बाकी खुशाल घरं बांधा, हे तुम्हाला दाखवायचं आहे. तुम्ही घागर कलती करता. पाणी वाहतच नाही. मुरूम ते जागच्या जागी पिऊन टाकतो. मी शरमेनं खाली बघते. एक म्हातारी विचारते, पाणी गेलं कुठं: "भिया, पाणी कां गियो?" तुम्ही त्या जमिनीकडे, मग उताराखालच्या विहिरींकडे बघता. "माय, तमारा कुवा में," तिच्याच विहिरीत गेलं, असं तुम्ही तिच्या बोलीत सांगता, आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवता. इतका वेळ आपण विहिरींच्या उगमावर उभे होतो, हे मला कळतं. एवढं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आधीचा अहवाल फाडून तुम्ही नवा लिहिलात: अख्खं मैदान सोडा. साहेबांनी वाद घातला, पण घागर त्यांनीही पाहिली होती. कॉलनी रस्त्यापलीकडे गेली. मैदान अजून मोकळं आहे, आणि वस्तीच्या विहिरींना पाणी आहे.

आज गंधवानीचं पाणी सरळ वाहून गेलं. तिथं घरं होऊ शकतील. ते बोलणं उतरवलेलं हे पत्र, वाचायला आता तुम्ही नाही म्हणून, घडी घालून आईच्या त्या घागरीत ठेवीन. आता घरी नळाला पाणी येतं, तरी ओतण्याआधी मी घागर एकदा छातीशी धरते. तुम्हीही धरली होतीत, नाना. मी पाहिलं होतं. आईला कधी सांगितलं नाही.