मॅडमसाठी सफरचंदं

बोटीवरून,
१५ जून

प्रिय वर्ना,

देवाच्या दयेने तू, जेरोम आणि मुलं खुशाल असाल. तुझा गुडघा कसा आहे? थंड फरशीवर उभी राहून भांडी घासत जाऊ नकोस. मी आणि केझिया ठीक आहोत. वेळेवर खातो, वेळेवर झोपतो.

माझं अक्षर सांभाळून घे. शाळा आठवीतच सुटली, पुढचं जे काही शिकलो ते बसगाड्यांच्या खाली आडवा पडून. पण तू मोबील बंदराच्या धक्क्यावर मला बजावलंस, "एल्बर्ट, तोंडाने विचारलं की तू टोपी फिरवत बसतोस. आठवडाभर विचार कर आणि लिहून दे." म्हणून लिहितोय. आम्ही परत येऊ त्या दिवशी तू गाडी घेऊन येणार, आणि केझिया तुझ्यासोबत मेकनला राहायला जाणार की माझ्याजवळ राहणार, ते तोवर ठरलेलं हवं. विसरलो नाही मी. आधी इकडची हालहवाल लिहितो.

बोट म्हणजे आडवं पाडलेलं हॉटेल आहे. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीत समुद्र आहे. निळा आहे. लोक कठड्याला टेकून 'आहाहा' करतात, मीही शेजारी उभा राहून पाहिलं. पाणी होतं. बत्तीस वर्षं डेपोत घालवलेल्या माणसाला कॅरिबियन समुद्र बघून काहीतरी व्हायला हवं होतं. हात अंगाखाली येऊन झोपलो की सकाळी तो दुसऱ्याचाच वाटतो ना, तसं सगळं अंगच झालंय. दुखत नाही, एवढं खरं.

केझियाचं म्हणशील तर ती कानात गाण्याची बोंडं घालून असते. सोळाव्या वर्षी सगळीच असतात. आज सकाळी मात्र बोलली.

"मिस्टर एल्बर्ट, सँडलवर मोजे घातलेत?"

"पाय भाजतात गं."

"मग दहा पावलं मागून चाला. मी तुम्हाला ओळखत नाही."

ती चार वर्षांची असताना लोरेनने तिला माझ्यासमोर उभं करून सांगितलं होतं, "यांना मिस्टर एल्बर्ट म्हणायचं." आपल्याकडे आईच्या मित्राला पोरं तसंच म्हणतात. पुढे मी लोरेनचा नवरा झालो, तिला सायकल शिकवली, तिच्या गोवराच्या तापात उशाशी बसलो, पण नाव तेच राहिलं. मला कधी खटकलं नाही.

एक गोष्ट झाली आहे. काल रात्रीच्या जेवणाला गेलो. इथे प्रत्येकाचं टेबल ठरलेलं असतं आणि वाढणारा माणूसही सफर संपेपर्यंत तोच. आमचा इग्नेशियस, सेंट लुशिया बेटावरचा, गोड माणूस. लोरेनने गेल्या उन्हाळ्यात सफर ठरवली ती तिघांची, त्यामुळे त्याच्या कागदावर तीन नावं. ती फेब्रुवारीत गेली, तेव्हा मी कंपनीला कळवलं होतं, पण निरोप टेबलापर्यंत पोचलेला नव्हता. तीन ताटल्या, तीन घडी घातलेले रुमाल. इग्नेशियस म्हणाला, "मॅडम मागून येतायत का?"

मी म्हणालो, "तिला बोट लागलीय. पडून आहे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. का बोललो, मला माहीत नाही. केझियाने माझ्याकडे पाहिलं, मग मेनूकडे पाहिलं आणि कोळंबी मागवली. उठताना इग्नेशियसने दोन हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं रुमालात बांधून दिली. "मॅडमना द्या. बोट लागल्यावर याच्यासारखं औषध नाही."

सफरचंदं आरशापुढे ठेवली आहेत.

१७ जून

आज कोझुमेल बेटावर उतरलो. ऊन होतं. केझियाने एका शिंपल्याच्या माळेला हात लावला आणि ठेवून दिली. मी म्हणालो, घे. ती म्हणाली, नको. मग भाकरीसारख्या पोळीत गुंडाळलेली मासळी खाल्ली आणि वेळेआधीच बोटीवर परत आलो.

तुझी बाजू मला पटते, वर्ना. तू तिच्या आईची सख्खी बहीण, रक्ताची. तुझ्या घरात तिच्या बरोबरीच्या पोरी आहेत, चर्चमध्ये गाणाऱ्यांत तिला जागा मिळेल, शाळा चांगली आहे. वयात आलेल्या पोरीला घरात बाईमाणूस लागतं. माझ्या घरी काय, मी आणि गळका नळ. एकसष्ट वर्षांचा गडी, संध्याकाळी डब्यातलं सूप गरम करतो. वजन कुठल्या पारड्यात जास्त, ते आंधळ्यालाही कळेल.

मी तिला अडवणार नाही. तसं धक्क्यावर तिच्यादेखतच तुला सांगितलं होतं, आता लेखी देतो.

इग्नेशियस अजून विचारतो. "मॅडमना उतार पडला का?" मी म्हणतो, "थोडा." रोज दोन सफरचंदं. तिसरी ताटली तो मांडतो आणि आम्ही तिच्या दोन बाजूंना बसून जेवतो. खोटं उकलायचं तर पहिल्याच दिवशी उकलायला हवं होतं, आता घोंगडं भिजत पडलंय. मला वाटलं, निदान पोरीला बरं वाटत असेल. कुणीतरी तिच्या आईची तब्येत विचारतंय. म्हणून गप्प राहतो.

खोलीत आता सफरचंदांचा वास येतो.

१९ जून

वर्ना, काल काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

काल नटूनथटून जेवायला जायची संध्याकाळ होती. मी सूट घातला. केझिया दारात उभी राहून म्हणाली, "तोच?" मी म्हणालो, "माझ्याकडे दुसरा नाही." फेब्रुवारीनंतर तो काल पहिल्यांदा अंगावर चढला. तिने पुढे होऊन कॉलर सरळ केली, एवढंच.

खेकड्याची थाळी संपते न संपते तोच दिवे मंद झाले. इग्नेशियस पुढे, मागे सगळे वाढपी टाळ्या वाजवत, गाणं म्हणत. हातात केक. आजूबाजूची टेबलंही टाळ्या वाजवायला लागली. केक आमच्यापुढे आला, त्यावर लिहिलेलं, 'लोरेन आणि एल्बर्ट, लग्नाचा वाढदिवस'.

सफर ठरवताना 'काही खास प्रसंग?' असं कंपनीने विचारलं असणार आणि तुझ्या बहिणीने सांगून ठेवलं असणार. ती अशीच होती, तुला माहीत आहे. मी तारीखच विसरलो होतो, वर्ना. कालची तारीख.

इग्नेशियसने पहिला तुकडा कापून वेगळ्या बशीत ठेवला. "हा मॅडमना. आज तरी दोन घास खातील."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात केझिया म्हणाली, "ती येणार नाहीये."

"उद्या बरं वाटेल त्यांना, बाळा."

"नाही वाटणार. माझी आई वारली. आम्ही दोघंच आलोय." ओरडून नाही, बसचा थांबा सांगावा तसं सांगितलं. "उद्यापासून दोघांचंच मांडाल का, प्लीज?"

तो बिचारा बशी हातात धरून तसाच उभा. मग त्याने छातीवर हात ठेवला, "माफ करा, साहेब" म्हणाला. मी कसला साहेब! खोटं माझं आणि माफी त्याची. मी उठून त्याचा हात धरला. त्याने तिसरी ताटली उचलली, रुमाल उचलला. टेबल एकदम मोठं दिसायला लागलं.

आम्ही वरच्या डेकवर जाऊन बसलो. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता. तिने पर्समधून एक सफरचंद काढलं आणि हातात फिरवत बसली.

"तुम्ही खोटं का बोललात?"

"तोंडातून निघून गेलं. मग वाटलं, तुला बरं वाटतंय."

"मला?" ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी गप्प होते! मला वाटलं, तुम्हाला ती ताटली हवीय."

सूर्य पुरता बुडाला. मग ती म्हणाली, "वर्ना मावशीला काय लिहिताय रोज?"

"जेवण चांगलं आहे, असं."

"आणि माझ्याबद्दल?"

"तुला जायचं असेल तर मी अडवणार नाही."

सफरचंद फिरायचं थांबलं. "अडवणार नाही! धक्क्यावरही तेच. घरीही तेच. सामान बांधून देईन, अडवणार नाही. एकदा तरी अडवून बघा ना, मिस्टर एल्बर्ट!"

मी टोपी हातात घेतली, वर्ना. फिरवलीसुद्धा. इंजिन बंद पडलं तर ते का पडलं, हे मला लांबून आवाजावरून कळतं, आणि माझ्याच घरातली पोर इतके महिने काय ऐकत होती, ते मला कळलं नाही. मी तिला मोकळं सोडतोय असं समजत होतो आणि तिला वाटत होतं, मला ती नकोय.

"जाऊ नकोस," मी म्हणालो. त्याच्यापुढे काही सुचेना, म्हणून तेच पुन्हा म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि सफरचंदाचा चावा घेतला. चावून तोंड वाकडं केलं. "पिठूळ झालंय."

"तिथे आरशाजवळ ऊन येतं."

"टाकू नका. अर्धं तुम्ही खा."

खाल्लं. पिठूळच होतं. पण चव लागली. बऱ्याच दिवसांनी कशाची तरी लागली, म्हणून तुला लिहून ठेवतोय.

बोटीवरची फळं बाहेर नेऊ देत नाहीत, म्हणून आज दिवसभर आम्ही ती सफरचंदंच संपवतोय. ती चाकूने कापते, मी खातो. मध्येच ती थोडी रडली. मी नाही रडलो. माझं येईल तेव्हा येईल.

तर हे पत्र मी टपालात टाकणार नाही. धक्क्यावर तुझ्या हातात देईन आणि लांब जाऊन बाकावर बसेन, कारण तोंडाने मी पुन्हा घोळ घालीन. तू गाडीत बसून सावकाश वाच. रागावशील, रागाव. बहीण गेलीय तुझी, आणि तिची मागे राहिलेली पोरही मीच ठेवून घेतोय, हे मला कळतं. म्हणून नाताळात आम्ही मेकनला येऊ, आणि उन्हाळ्यात हवे तितके दिवस ती तुझ्याकडे राहील. पण शाळा सुरू होईल तेव्हा ती माझ्याजवळ असेल. मी अडवलंय तिला.

वाचून झालं की हॉर्न वाजव. दोघं एकदमच येऊ.

केझियाचा,
मिस्टर एल्बर्ट