अर्ध्यावर उघडलेली पोटं

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि वर माझाच आवाज चढला म्हणून फोन ठेवून देतेस. म्हणून पत्र. हे मध्येच ठेवता येणार नाही. फाडलंस तर गोष्ट वेगळी.

तुझ्या स्वादुपिंडाच्या डोक्याशी, म्हणजे आतड्याकडच्या जाड टोकाला, गाठ आहे आणि ती काढायलाच हवी, यात माझं दुमत नाही. राग आहे तो तू आणि बाबांनी मला न विचारता आमच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या सरांकडे दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख घेतलीत याचा. कशाच्या जोरावर? तर जिन्यापाशी लावलेल्या त्या चकचकीत फलकाच्या: पोट उघडण्यापेक्षा दुर्बीण सुरक्षित, आमच्या विभागाचा अनुभव!

माझं काम तुला ठाऊक आहे. घरी गेलेल्या रुग्णांना फोन करून ताप आला का, जखम चिघळली का, ते विचारायचं. परवा एका बाईंशी बोलले. त्यांच्या नवऱ्याचं ऑपरेशन दुर्बिणीने सुरू झालं, आत रक्त थांबेना म्हणून सरांनी अर्ध्यावर पोट उघडलं. स्वादुपिंड आतड्याला जिथे जोडतात तो जोड पुढे गळला. तिथला पाचक रस पोटात पसरला की माणूस जिवानिशी जाऊ शकतो. हे कसेबसे वाचले. त्या फलकासाठी सरांनी दोन पद्धतींची तुलना केली आहे, तिच्यात हे गृहस्थ कुठे आहेत म्हणून पाहिलं, तर ‘पोट उघडून’च्या खान्यात! मग बाकीचे शोधले. दुर्बिणीने सुरू करून ज्यांचं अर्ध्यावर बिनसलं, ते सगळे तिकडेच ढकललेले. मग दुर्बीण सुरक्षित दिसणार नाही तर काय होणार?

संमतीच्या कागदावर सही करू नकोस. ओरडते आहे, कारण जीव आहे तुझ्यावर.

तुझ्या रागाची सवय असलेली,
ठकी

९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक रट्टा.

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं तापलं. अगं, शिकलीस म्हणून आम्ही पेढे वाटायचे तेवढे वाटले. आता त्या शिक्षणाने आम्हाला घाबरवायचंही का? दुर्बिणीने केलं तर मी लवकर शाळेची गाडी चालवायला बसेन. पोरं माझी वाट बघतात. माझ्या फेरीवर त्या दुसऱ्या गाडीच्या मिशीवाल्याचा डोळा आहे. परवा मला म्हणाला, आराम करा मावशी, वय झालं. त्याच्या मिशा उपटायला तरी मला लवकर उठायला हवं. पोट एवढं फाडल्यावर क्लच कोण दाबणार, तू?

आणि आरशात बघवत नाही. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. गाडीत पुढच्या बाकावर बसते ती चिमुरडी विचारत होती, बाई, तुम्ही रंग लावता का. मी हसले, घरी येऊन भांडी आपटली. कुणीतरी एकदाची ही गाठ काढा, एवढंच मला कळतं.

ते खान्याचं प्रकरण डोक्यात शिरलं नाही. समजाव, पण भाषण नको.

आत्या

१० फेब्रुवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने मला वाचायला दिलं. मी फार शिकलो नाही म्हणून थोडक्यात लिहितो. ज्या सरांनी तुला नोकरी दिली, त्यांच्या चुका काढायचं तुझं वय आहे का? ताईने मला कडेवर घेऊन वाढवलं आहे. तुझ्या शंका फिटेपर्यंत गाठ थांबणार आहे का? तारीख हुकली आणि तिला काही झालं, तर मी तुझं तोंड बघणार नाही. हे रागात लिहिलेलं आहे, पण खोडणार नाही.

बाबा

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांनाही वाचून दाखव. तोंड बघू नका म्हणावं, कान द्या.

समज, तू पोरं घेऊन निघालीस. अर्ध्या रस्त्यात तुझी गाडी बंद पडली. तू पोरं रिक्षात कोंबून पाठवलीस, ती उशिरा पोचली, आणि शाळेने तो उशीर रिक्षाच्या नावावर मांडला. वर्षभर असंच चाललं, तर तुझी गाडी कधीच उशीर करत नाही आणि रिक्षा मात्र महाबेकार, असंच दिसेल ना? सरांनी हेच केलं आहे. जो प्रवास ज्या गाडीने सुरू झाला, त्याचं बरंवाईट त्याच गाडीच्या नावावर पडायला हवं. एवढीच माझी शंका.

मंगळवारच्या बैठकीत मी हेच विचारलं. सर म्हणाले, पोट शेवटी उघडलंच ना, मग उघडलेल्यातच मोजायचं. मी म्हटलं, सर, उघडावं का लागलं, तेच तर मोजायचं आहे. सर हसून म्हणाले, नवीन मुलींना आकडे कळतात, ऑपरेशन कळत नाही. दुसऱ्या दिवसापासून मला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं आहे. संतापाने शिक्के आपटते आणि लोकांना वाटतं, बाई फार कामसू आहे.

पण खोटं लिहिणार नाही. दुर्बीण वाईट नाही. स्वादुपिंडाच्या शेपटाकडची गाठ ती छान काढते, आणि जिथे हात बसलेले आहेत तिथे डोक्याकडचीही. आमच्याकडे डोक्याकडच्या गाठींवर हात अजून बसतो आहे, आणि तो बसेपर्यंत कुणाचं तरी पोट लागतंच. पोट उघडून करणाऱ्या मॅडम याच इमारतीत आहेत. जोड त्यांचेही गळतात. मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतःचे गळलेले जोड आधी सांगितले, बरे झालेले नंतर. तारखेचंही विचारलं, त्याच आठवड्यात करता येईल म्हणाल्या. उशीर होणार नाही, बाबा.

सरांना एकच विचार: डोक्याकडच्या गाठीसाठी दुर्बिणीने सुरू केलेल्यांपैकी किती जणांचं पोट उघडावं लागलं, आणि त्यांचं पुढे काय झालं? पटेल असं उत्तर मिळालं तर खुशाल दुर्बीण घे. मी गप्प बसेन. नोकरी मात्र सोडणार आहे.

तुझी,
ठकी

२० फेब्रुवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद, या खेपेला रट्टा नाही.

तुझ्या बाबांना बरोबर नेऊन विचारलं. तुझे सर आधी गोड बोलले, मावशी, फलक वाचलात ना. मी म्हटलं, फलक वाचला म्हणूनच विचारते. तेव्हा त्यांची भुवई वर गेली. म्हणाले, असले प्रश्न तुम्हाला शिकवतं कोण? मी सांगून टाकलं, भाची. तुमच्याच खिडकीवर बसते. मला माफ कर, पण तोंडाला लगाम मला कधी जमला? मग ते म्हणाले, माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरीकडे जा. किती, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला वाटलं, तुझे बाबा आता त्यांच्या पाया पडतात. तर त्याने टेबलावरची माझी फाइल उचलली आणि दार उघडून धरलं. बाहेर आल्यावर मात्र बाकावर बसून घळाघळा रडला. तुझं नाव काढलं नाही, पण डबा तुझ्या खिडकीवर नेऊन दिला ना? तीच त्याची माफी समज.

मॅडमनाही विचारलं, तुमच्या हातून किती जणांचं बिनसलं. त्यांच्या हातून दगावलेल्या एका बाईबद्दलही त्यांनी सांगितलं, मान खाली न घालता. भीती वाटली, पण विश्वास बसला. परवा सकाळी पोट उघडणार. फेरी जाऊ दे त्या मिशीवाल्याला. सही केली.

आता माझा राग ऐक. सरांच्या दारात माझ्या शेजारी एक बाई बसली होती, माझ्यासारखीच पिवळी. तिची गाठही डोक्याशीच. फलक वाचून आली होती. तिला मी सगळं सांगितलं, पण तिच्यानंतर येणारीला कोण सांगणार? ज्यांच्या घरी भाची नाही, त्यांनी काय करायचं? म्हणून नोकरी सोडायची नाही. काढू देत त्यांना. तू खिडकीवर बस, अर्ज कर, वर जा, त्याच्याही वर जा, पण ते खाने दुरुस्त करून घे.

आणि एक. परवा माझं काही वाईट झालं, जोड गळला किंवा त्याहून वाईट, तर ते ‘पोट उघडून’च्याच खान्यात मांड. आपण सांगितलं आणि आत्या गेली, म्हणून तिथे तुझा हात आखडला, तर तुझ्यात आणि तुझ्या सरांत फरक तो काय राहिला?

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
आत्या