पाद्र्याचा झगा

आई, काल एजवेअरहून तुझ्या रक्तसाक्षीच्या टेकडीवर जाऊन आले. रक्त सांडून देवाची साक्ष देतो तो रक्तसाक्षी, हे तूच शिकवलंस. या देशातला हा पहिला रक्तसाक्षी मला भेटला तो लेस्टरच्या आपल्या स्वयंपाकघरात. ड्यूटीवरून आल्यावर भाकरी थापत तू सांगायचीस: रोमन काळातला मूर्तिपूजक माणूस. शिपाई मागे लागलेल्या एका पाद्र्याला त्यानं घरात लपवलं, त्याची प्रार्थना बघता बघता स्वतःच ख्रिस्तावर विश्वास ठेवला, आणि शिपाई दारात आले तेव्हा पाद्र्याचा झगा अंगावर चढवून बाहेर आला. न्यायाधीशासमोरही 'मी ख्रिस्ती आहे' म्हणाला. डोकं उडवलं गेलं. "बाप्तिस्मासुद्धा झाला नव्हता गं बिचाऱ्याचा," असं म्हणेपर्यंत दर वेळी तुझी भाकरी करपायची.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा मैत्रिणीबरोबर मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले. आपलं आडनाव नगरकडचं, चारचौघांसारखं. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. तू मला न्यायला आलीस, नर्सच्या युनिफॉर्मवर कोट घालून, आणि एक काकू करंडा घेऊन तुझ्याकडे निघाल्या. तू काय बोलशील ते मला माहीत होतं. मी घाईनं म्हणाले, "काकू, आईला कुंकू नको. माझे बाबा वारलेत." तू माझ्याकडे पाहिलंस आणि शांतपणे म्हणालीस, "आम्ही ख्रिस्ती आहोत. आणि हिचे बाबा बाहेर गाडीत बसलेत." काकू गोंधळल्या, मग हसत सुटल्या. "अहो, मग तिळगूळ तरी घ्या! त्यांनाही न्या." बाबांनी तो लाडू मजेत खाल्ला; आपण नुकतेच वारलो होतो याचा त्यांना पत्ताच नव्हता.

घरी आल्यावर तू बोललीस. "देवाला लपवलंस, ते तो बघून घेईल. पण जिवंत बापाला मारलंस? त्या माणसानं परक्यासाठी जीव दिला, आणि तू टिकलीभर कुंकवासाठी..." पुढे तुलाच हसू फुटलं. मला मात्र रडू.

तरी मी सुधारले नाही. तू गेल्यावर इथल्या मैत्रिणी भेटायला आल्या. "क्रिमेशन कुठे झालं गं?" मी म्हणाले, "पुरलं. आईची तशी इच्छा होती." अंगात तुझाच कोट होता. तुझ्या रक्तसाक्षीनं दुसऱ्याचा झगा घालून स्वतःला पुढे केलं. मी तुझा कोट घालून तुझ्याच मागे लपले. त्याची लाज अजून जात नाही.

काल एजवेअरला मंडळाचं हळदीकुंकू होतं. ब्रॅकनेलला आयटीत असलेली एक मुलगी करंडा घेऊन आली. "काकू, कुंकू लावू ना?" "नको गं, मी ख्रिस्ती आहे," मी म्हणाले. "ओह सॉरी काकू, मला आयडियाच नव्हती! मग तिळगूळ?" एवढंच. कुणी तलवार उपसली नाही. तिथूनच थेट टेकडी गाठली आणि रक्तसाक्षीच्या समाधीपाशी मेणबत्ती लावली.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणून सांगते. तेव्हा हॉलमध्ये म्हणालेलं तुझं वाक्य मी काल जसंच्या तसं पाठ करून गेले होते, पण अर्धंच म्हणता आलं. बाबा आता तुझ्या शेजारी आहेत. तरी हॉलमधून निघताना मी दोन लाडू मागून घेतले, आणि पार्किंगमध्ये उगाच आपली जुनी गाडी शोधत उभी राहिले.